मुकुट येणार होता त्या वर्षी

५ जानेवारी, रविवार

काउंटरवरच्या सहा दिव्यांपैकी तीन काढले. नोर्बेर्तो शिडीवर चढला, मी शिडी धरली. "बरंच झालं," तो वरून म्हणाला, "अंधारात कालचा पाव आजचा दिसतो." बातमी जितकी वाईट, तितके माझ्या नवऱ्याला विनोद सुचतात. गेलं वर्षभर तो फार विनोदी झाला आहे.

कॉलेजात असताना मी रोजनिशी लिहीत असे. इतिहासाच्या बाई म्हणायच्या, स्वतःला सूट न देता चार ओळी लिहिता आल्या तर माणूस शिकला समजायचा. म्हणून पुन्हा सुरू करते आहे. बेकरी या वर्षी एक तर तरेल, नाही तर बुडेल. बुडाली तर माझं काय चुकलं हे मला दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको.

परिस्थिती अशी आहे. हे तीन मजली लाकडी घर बाबांनी पाव विकून घेतलं. खाली बेकरी, मधल्या मजल्यावर बाबा, वर आम्ही दोघं. नवी भट्टी घ्यायचा हट्ट माझा होता. त्यासाठी घर गहाण टाकलं. बाबांनी सही करताना कागद वाचला नाही. "तू वाचलायस ना?" एवढंच विचारलं. पुढच्या वर्षी हायवेजवळच्या सुपरमार्केटने आमच्यासारखाच गोड पाव विकायला काढला. आम्हाला नुसती अंडी आणि लोणी ज्या भावात पडतं, त्या भावात.

मी कागद वाचला होता. सुपरमार्केटचं त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

१२ जानेवारी, रविवार

चर्चमधला मास झाल्यावर बाबा नेहमीप्रमाणे आईकडे गेले. नऊ वर्षं झाली, एक रविवार चुकला नाही. खिशात पावाचा कडक तुकडा असतो, तिथल्या चिमण्यांसाठी. आई गेली तेव्हा त्यांनी कबरस्तानात उतारावरच्या दोन जागा शेजारी शेजारी घेतल्या, तिथून नदी दिसते. "राहायला भाड्याचं घर चालेल," ते तेव्हा म्हणाले होते, "झोपायला मात्र स्वतःची जागा हवी." समुद्रापलीकडच्या बेटावरून इथे पोट भरायला आलेल्या माणसाचं हे एकमेव ऐश्वर्य.

परत आले ते मुकुटाबद्दल बोलत. यंदा सातवा आठवडा आमचा आहे. आम्हा बेटावरच्या लोकांच्या मंडळाच्या हॉलमध्ये दर जूनला सात चिठ्ठ्या निघतात. ईस्टरपासून पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत सात आठवडे, सात घरं, आणि पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट दर आठवड्याला एका घरी मुक्कामाला. रोज संध्याकाळी प्रार्थना, दार सताड उघडं, येईल त्याला खायला-प्यायला. सातवं घर सगळ्यांत मानाचं. बाबा चाळीस वर्षं चिठ्ठी टाकत होते. गेल्या जूनमध्ये सातवं नाव त्यांचं निघालं तेव्हा अख्खा हॉल उभा राहिला. बाबांना मात्र उठता आलं नाही.

नवस माझ्यासाठी आहे. चार वर्षांची असताना माझ्या मेंदूत ताप गेला होता. पोर वाचली तर सातवा आठवडा मिळेल त्या वर्षी गल्लीतलं प्रत्येक घर आमचा पाव फुकट खाईल, असं ते बोलले होते. मी वाचले. मला त्यातलं काही आठवत नाही. आपण जे मागितलंच नाही त्याचं देणं आपल्या नावावर असतं का, हा प्रश्न मला कॉलेजपासून पडलेला आहे.

३० जानेवारी

बँकेत गेले. समोरचा मुलगा फार सभ्य. ईस्टरपर्यंत थांबतील. "ईस्टरला तुमचा धंदा होतो ना?" त्याने विचारलं. होतो म्हटलं. होतो, हे खरं आहे. पुरेसा होतो का, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. हे खोटं बोलणं झालं का? घरी येईपर्यंत तोच विचार करत होते.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत.

९ फेब्रुवारी, रविवार

बाबा आईकडे गेले नाहीत. बर्फामुळे गुडघे धरले म्हणाले.

१४ फेब्रुवारी

नोर्बेर्तो बाबांना गाडीतून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. परत आल्यावर दोघेही भट्टीजवळ बसून राहिले, कोटसुद्धा न काढता. मी विचारलं, काय म्हणाला डॉक्टर? नोर्बेर्तो म्हणाला, "लांबचं दिसतंय म्हणाला." नवा चष्मा काही दिला नाही.

आज व्हॅलेंटाइनचा दिवस. त्याने मला काही आणलं नाही, मीही नाही. पण तो एकही विनोद न करता झोपला, हे जास्त लागलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाबांचे गुडघे अजून धरलेलेच. जिना मात्र दिवसातून दहा वेळा चढतात. विचारलं तर म्हणाले, "चढण वेगळी, उतार वेगळा." मासला जाताना खिशात घेतलेला पावाचा तुकडा त्यांनी खिडकीत ठेवला.

११ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळची गर्दी (गर्दी कसली, सहा माणसं) ओसरली होती. दोना हेर्मिनिया, म्हणजे गल्लीतल्या हेर्मिनियाबाई, काउंटरसमोर खुर्चीत बसल्या होत्या. पूर्वी आठवड्याला सहा पाव न्यायच्या, आता एक नेतात आणि सहा पावांच्या गप्पा मारतात. पायाशी सुपरमार्केटची पिशवी, वरचं नाव मला दिसू नये अशी वळवलेली. बाबा खाली आले आणि त्यांनी बिस्किटांचा एक जुना डबा माझ्यासमोर ठेवला.

"हे सातव्या आठवड्यासाठी," ते म्हणाले. "पिठाला, अंड्यांना, मांसाला. नवसाचं काही उधार नको."

डब्यात नोटा होत्या. इतक्या, की मी झाकण पटकन लावलं.

"कुठून आले?"

"होते."

"कुठे होते?"

"साठवले होते गं. म्हाताऱ्या माणसाजवळ असतात."

माझ्या डोक्यात काय झालं मला माहीत नाही. वर्षभर मी दिवे काढते आहे, मांसाशिवाय सूप करते आहे, बँकेतल्या पोराला साहेब म्हणते आहे. आणि मधल्या मजल्यावर हा डबा होता!

"म्हणजे मी तुमच्या डोळ्यांसमोर झुरत होते आणि तुम्ही यावर बसून होतात?" मी ओरडलेच. "हीच ती बेटावरची खोड! सोन्याच्या विटेवर बसायचं आणि पोरांना कोंडा खायला घालायचा! लाज कशी वाटली नाही, बाबा?"

दोना हेर्मिनियांनी छातीवर क्रुसाची खूण केली. आतून नोर्बेर्तो पिठाच्या हातांनी बाहेर आला आणि म्हणाला, "झेलिया, पुरे." मी म्हटलं, तू मध्ये पडू नकोस. तो बाबांकडे बघत राहिला. बाबांनी त्याच्याकडे बघून मान हलवली. नाही, अशी.

मग मला म्हणाले, "चुकलं माझं. आधीच द्यायला हवे होते."

दोना हेर्मिनिया उठता उठता म्हणाल्या, "शिकलेल्या लेकी बऱ्या गं बाई, बापाला बसल्या जागी शाळेत घालतात." पाव न घेताच गेल्या.

आवाज चढवायला नको होता, विशेषतः गिऱ्हाइकासमोर. पण बोलले ते खोटं होतं का? प्रामाणिकपणे विचार करूनही मला ते खोटं वाटत नाही.

१२ मार्च

रात्रभर विचार करून सकाळी बाबांशी शांतपणे बोलले. म्हटलं, पीठवाल्याचं देणं थकलं आहे, गॅसचं थकलं आहे, बँक उभी आहे. अशा वेळी गल्लीला फुकट जेवायला घालणं म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने पुण्य घेणं. पवित्र आत्म्याला तरी ते आवडेल का? आधी देणं, मग दान. बेकरी वाचली तर सातवा आठवडा आपोआप होईल.

बाबांनी ऐकून घेतलं. डब्याच्या झाकणावर एका होडीचं चित्र आहे, त्यावरून ते अंगठा फिरवत होते.

"तुझ्या आईने काय केलं असतं?" त्यांनी विचारलं.

"आईने हिशेब केला असता."

"हां," ते म्हणाले. "तू शिकलेली आहेस. तुला कळतं."

दुपारी सगळ्यांची देणी चुकती केली. बँकेचे हप्तेही थोडे भरले. कित्येक महिन्यांनी कुणाच्या नजरेला नजर देताना मान खाली गेली नाही. संध्याकाळी मी बाबांसाठी मासे तळले. त्यांनी अर्धा तुकडा खाल्ला आणि उरलेला नोर्बेर्तोच्या ताटात टाकला.

३ एप्रिल

नोर्बेर्तो माझ्याशी फक्त पावाबद्दल बोलतो. किती आले, किती उरले.

१९ एप्रिल, ईस्टरचा आदला दिवस

दारापासून कोपऱ्यापर्यंत रांग! अख्खं अंडं बसवलेले ईस्टरचे पाव दुपारीच संपले. बाबा एप्रन बांधून उभे होते, प्रत्येकाला नावाने हाक मारत. अमेरिको आला, फरश्या बसवायचं काम करतो तो, मंडळाचा अध्यक्ष. "सेराफिमकाका," तो ओरडला, "सातव्या आठवड्याला माझ्या घरच्यांना वेगळं टेबल हवं हं! आमच्याकडे खाणारी तोंडं जास्त, लाज कमी!" बाबा इतके हसले की खोकला आला.

उद्यापासून पहिल्या घरी मुकुट बसेल. मला पहिल्यांदा वाटलं, की होईल. सगळं होईल. डब्याबद्दल माझा निर्णय बरोबर होता.

२९ एप्रिल

झालं नाही. बँकेतल्या त्या सभ्य मुलाची बदली झाली आहे. त्याच्या जागी एक बाई आहेत, त्यांच्याकडे ईस्टर नाही. मार्चमध्ये भरलेलं सगळं दंडातच गेलं, मुद्दल जिथल्या तिथे. मे महिनाअखेर घर खाली करायचं. जूनमध्ये लिलाव.

म्हणजे डब्यातल्या पैशाने आम्हाला काही आठवडे मिळाले. पण ते आठवडे आम्ही कुणाचं देणं न ठेवता काढले, याला काही किंमत आहे की नाही? आहे, असं मी मानते. मानलं नाही तर उठून उभंच राहता येणार नाही.

मी बाबांना सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "भट्टी विझवू नको एकदम. विटा तडकतात. हळूहळू थंड होऊ दे." नव्या भट्टीत विटा नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही.

३ मे

शेवटचा पाव. दोना हेर्मिनिया पिशवीभर घेऊन गेल्या, गोठवून ठेवणार म्हणाल्या. रडल्या. "आता चांगला पाव कुठे मिळणार?" त्यांनी मला विचारलं. मला!

११ मे, आईंचा दिवस

आईकडे गेलो. बाबा यायला तयार नव्हते. मीच म्हटलं, आजच्या दिवशी तरी चला. गाडीतून उतरले नाहीत. काचेतून हात हलवला, जसा बसस्टॉपवरच्या माणसाला हलवतात.

आईच्या डाव्या बाजूला ताजी माती आहे. नवी कबर. दगड अजून बसवलेला नाही, एका पाटीवर कुणा व्हिएरा नावाच्या माणसाचं नाव आहे. बाबांची जागा आईच्या डाव्या हाताला आहे असं मला वाटत होतं. मग उजव्या हाताला असणार. पण उजवीकडे तर फरसबंद वाट आहे. मी नोर्बेर्तोला म्हटलं, कबरस्तानाच्या कार्यालयाने काही तरी घोळ घातलेला दिसतोय, एक तर ही कबर सरकलीय किंवा वाट. त्याने फुलं ठेवली आणि तो कितीतरी वेळ त्या मातीकडे बघत राहिला.

"उद्या फोन करते त्यांना," मी म्हटलं.

"नको करूस," तो म्हणाला.

"का? आपण बुडालो म्हणून आपल्या हक्काचंही विचारायचं नाही?"

"चल. म्हातारा गाडीत एकटाय."

गाडीत बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "असू दे गं. माती सगळी एकच." भाबडेपणाची कमाल आहे. अशाच भाबडेपणाने त्यांनी कागदावर सही केली. फोन करायलाच हवा. पण कुठल्याही कार्यालयाला फोन करायचा म्हटलं की हल्ली मी आधी भांडी घासायला घेते.

१३ मे

एक अवघड काम केलं. अमेरिकोच्या घरी जाऊन सांगितलं, की सातवा आठवडा आम्हाला जमणार नाही, मुकुट दुसऱ्या घरी ठेवा. आम्ही बेघर होत असताना कुणी आमच्या दारात खायला यावं आणि आम्ही उसनं आणून वाढावं, हे मला अप्रामाणिक वाटतं. मी ते तसंच सांगितलं.

अमेरिकोने कॉफी ओतली. त्याची बायको काही तरी बोलायला आली, त्याने तिला डोळ्यांनी थांबवलं.

"काकांना विचारलंस?"

"ते कधी नाही म्हणणार नाहीत. म्हणून मीच ठरवलं."

"बघ बुवा," तो म्हणाला. "पक्कं ना? एकदा दुसरं घर धरलं की परत फिरवता येत नाही."

पक्कं, मी म्हटलं.

घरी आले तर बाबा आईने भरलेलं पांढरं कापड इस्त्री करत होते, मुकुटाखाली अंथरायचं. मी सांगितलं. इस्त्री त्यांनी उभी ठेवली. कापडाची घडी घातली, मग आणखी एक, मग आणखी एक, हातात मावेल एवढी होईपर्यंत.

"बसायला सांगितलं का त्याने तुला?" त्यांनी विचारलं.

"हो. कॉफी दिली."

"बरं केलं," बाबा म्हणाले.

त्यांनी एवढ्या समजुतीने घेतलं याचं मला हायसं वाटलं. नोर्बेर्तोला सांगितलं तेव्हा तो जिन्यात खाली बसला. मला वाटलं, त्याला बरं नाही. पाणी आणून दिलं. त्याने ग्लास बाजूला ठेवला आणि म्हणाला, "झेलिया, तुझ्याइतका सज्जन माणूस मी बघितला नाही." असं तो मला लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाला.

१७ मे, शनिवार

सामानाची विक्री. सगळी ओळखीची माणसं आली. आमचा पाव घ्यायला रोज एवढी माणसं आली असती तर ही विक्री करावी लागली नसती. पण हा विचार बरोबर नाही, लोक मदत म्हणूनच आले असतील. तरी घासाघीस करत होते. दोना हेर्मिनियांनी तराजू घेतला आणि "एक पारडं हललंय" म्हणून भाव पाडला. कुणी तरी भट्टीतून पाव काढायचं लांब दांड्याची फळी घेतली, दिवाणखान्यात भिंतीवर लावणार म्हणे.

बाबांच्या आईने बेटावरून पाठवलेली लाकडी परात अमेरिकोने घेतली. मोठी, पाळण्याएवढी. ताप उतरल्यावर मला तिच्यातच निजवायचे, असं आई सांगायची. अमेरिको तिच्यात जिरेनियम लावणार आहे. बाबांनी स्वतः ती ट्रकपर्यंत धरून नेली. "तेल लावत जा," त्याला सांगत होते, "नाही तर चिरते." अमेरिको त्यांच्याकडे न बघता दोर बांधत होता.

नोर्बेर्तोला नोकरी लागली. सुपरमार्केटमध्ये, पावाच्या विभागात. गोठवलेले गोळे येतात, ते भाजायचे. "पीठ मळायला नको, वाट बघायला नको," तो म्हणाला. "स्वर्गच आहे."

३१ मे

गिरणीमागच्या भाड्याच्या जागेत आलो. दोन खोल्या. बाबांची खाट पुढच्या खोलीत, दाराच्या अगदी समोर. ते पहाटे उठतात, कपडे करतात आणि खाटेवर बसून राहतात. खाली जायला खालचा मजलाच नाही.

१ जून, रविवार

आज मुकुट आमच्याकडे यायचा होता. दुसऱ्या घरी गेला. नेमका कुणाकडे, ते मी विचारलं नाही.

कार्यालयाला फोन करायचा राहिलाच आहे.

८ जून, पेंटेकॉस्ट

मिरवणुकीचा बँड दोन गल्ल्या पलीकडून ऐकू येत होता. बाबा कोट घालून खाटेवर बसले होते. मी म्हटलं, जायचं का बघायला? म्हणाले, "ऐकू येतंय की."

दुपारी दार वाजलं. अमेरिको, अंगावर लाल पट्टा. मागे दोना हेर्मिनिया, हातात पांढऱ्या कापडाने झाकलेलं ताट. मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. मांसाचा तुकडा, वाइनची बाटली, गोड पाव, वर एक फूल. गरिबांचा वाटा. सणाच्या दिवशी मंडळ अडलेल्या घरी पोचवतं. त्या वाट्याचा पाव आमच्याकडूनच जायचा. ज्यांच्याकडे ताट जायचं त्यांची नावं आम्ही कधी मोठ्याने घेत नसू.

"मुकुट नाही आला तर त्याचा वाटा आला," दोना हेर्मिनिया म्हणाल्या. त्या चांगल्या मनाने म्हणाल्या असाव्यात.

बाबा उठले. कोटाचं बटण लावलं. दोन्ही हातांनी ताट घेतलं, पावाला ओठ लावले आणि देणाऱ्यासाठी म्हणायची प्रार्थना अखेरपर्यंत म्हटली. चाळीस वर्षं ती त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली होती. एक शब्द चुकला नाही.

मी अमेरिकोला दारापर्यंत सोडायला गेले. तो पायऱ्यांवर थांबला. "एक सांगू? राग मानू नकोस. तू आलीस त्याच्या आदल्या रात्री मंडळाची बैठक झाली होती. पीठ कुणी, मांस कुणी, वाइन मी, सगळं वाटून घेतलं होतं. हॉलमध्येच मांडणार होतो मुकुट काकांच्या नावाने. सातवा आठवडा कुणी एकट्याने केलाय का कधी? म्हाताऱ्याने फक्त उभं राहायचं होतं."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तू विचारायला आली नव्हतीस, झेलिया. सांगायला आली होतीस."

तो गेल्यावर मी पायरीवर उभी राहिले. मी जे केलं ते त्या वेळी मला माहीत होतं त्याप्रमाणे बरोबर होतं. यापेक्षा जास्त मी स्वतःकडून मागू शकते का, यावर नंतर लिहीन.

आत तिघंही टेबलाशी बसलो. नोर्बेर्तोने पाव उलटा केला. बुडाला स्टिकर होतं, अर्धवट काढलेलं. "हा माझा," तो म्हणाला. "आज पहाटेचा. यांना लेबल काढायलासुद्धा नीट येत नाही." आणि तो हसायला लागला. खूप दिवसांनी हसला. थांबेना, म्हणून त्याला मोरीत जाऊन नळ सोडावा लागला.

बाबांनी पावाचा तुकडा तोडून नाकाशी धरला, मग खाल्ला. "लिंबाची साल नाही," ते म्हणाले. "पण भाजलाय चांगला."

कडेचा कडक तुकडा त्यांनी सवयीने खिशात टाकला. मग काढून पुन्हा ताटात ठेवला.

"झेलिया, मी गेलो ना, की मला जाळा," ते म्हणाले.

मी चमकले. बेटावरची ही माणसं, जाळणं म्हटलं तरी क्रुसाची खूण करणारी!

"खरंच सांगतो. हल्ली करतात. आयुष्य भट्टीसमोरच गेलं माझं, आणखी दोन तासांनी काय होतंय? राख तुझ्या आईच्या अंगावर टाका. जागा लागत नाही."

नोर्बेर्तो मोरीच्या दारात उभा होता. त्याचा चेहरा ओला होता.

मला, खरं सांगायचं तर, बाबांचा अभिमान वाटला. कॉलेजात असल्यापासून मी त्यांच्याशी या जुन्या समजुतींवरून वाद घालत आले. एक शब्द त्यांनी कधी मान्य केला नव्हता. एकोणऐंशीव्या वर्षी माणूस इतका मोकळा होऊ शकतो! मी त्यांना तसं म्हटलंही. ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "तुझ्याकडूनच शिकलो, पोरी."

या वर्षात एवढी एक गोष्ट तरी चांगली घडली. उद्या कार्यालयाला नक्की फोन करायचा. बाबांना आता जागा नकोच असेल, तर ती परत घेतात का, विचारायला हवं.